आभासी पंप उचलता येतो, पण सील शाफ्टवर बसत नाही: असं का होतं?

तापीकाठच्या एका आयटीआयमधल्या शिल्पनिदेशकांनी मोठा प्रश्न पाठवला आहे. थोडक्यात तो असा. मोनोब्लॉक पंप (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असलेला) खोलून परत जोडायला शिकवण्यासाठी त्यांनी दोन क्वेस्ट हेडसेट, म्हणजे डोक्यावर लावून आभासी दृश्य बघायचे पडदे, घेतले आणि युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक धडा तयार केला. मुलं भाग उचलतात, पण मेकॅनिकल सील (पाणी गळू न देणारी अंगठी) शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, सरकवायला गेलं की ते उसळून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातं. इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, जागेवर ठेवला की सोडताना हलतो. काही मुलांचं थोड्याच वेळात डोकं जड होतं. कंट्रोलर द्यावा की मोकळ्या हातांनी काम करू द्यावं, हे ठरत नाही. पुढे केळीच्या बागेतली ठिबकची आखणीही हेडसेटमध्ये दाखवायची आहे, त्यासाठी हाच प्रोग्राम वाढवावा का, असंही त्यांनी विचारलं आहे.

सर, तुमची बहुतेक मेहनत वस्तू उचलण्यावर गेलेली दिसते. मूठ कशी मिटावी, बोटं कुठे टेकावीत, भाग हातात आल्यावर रंग कसा बदलावा. ते सगळं चांगलं जमलं आहे. पण डोक्यावर पडदा लावून जिथे वस्तू हाताळायच्या असतात, तिथे उचलणं हा सोपा भाग असतो. अवघड असतं ते वस्तू नेमक्या जागी नेणं आणि तिथे सोडणं. तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी नेण्या-सोडण्याच्याच आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सील उडतं याचं कारण जवळजवळ नक्की सांगता येतं. कोलायडर म्हणजे टक्कर ओळखण्यासाठी वस्तूला दिलेला अदृश्य आकार. युनिटीत हलणाऱ्या, वजन असलेल्या वस्तूला मेश कोलायडर, म्हणजे तिच्याच आकारावरून बनलेला कोलायडर, लावायचा तर तो कॉन्व्हेक्स करावा लागतो. कॉन्व्हेक्स म्हणजे वस्तूभोवती ताणून बसवलेलं, कुठेही आत न वळणारं कवच. सील ही अंगठी आहे, तिच्या मधे भोक आहे. डोळ्यांना ते भोक दिसतं, पण कोलायडरमध्ये ते बुजलेलं असतं. म्हणजे संगणकाच्या लेखी तुमचा विद्यार्थी एक भरीव चकती लोखंडी दांड्यात घुसवतोय. दोन भरीव वस्तू एकमेकांत शिरल्या की फिजिक्स इंजिन त्यांना बाहेर ढकलतं, आणि जितक्या खोल शिरल्या असतील तितकं जोरात ढकलतं. इम्पेलरचं मधलं भोक, बेअरिंग, वॉशर, सगळ्यांचं हेच होत असणार. एकदा गेमचं दृश्य थांबवून कोलायडरच्या हिरव्या रेषा बघा, भोकावरून रेषा गेलेल्या दिसतील.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, अंगठीभोवती लहान लहान बॉक्स कोलायडर गोलाकार लावायचे, म्हणजे मधली जागा खरोखर मोकळी राहते. आठ-दहा बॉक्स पुरतात. दुसरा, भाग हातात असताना त्याची आणि शाफ्टची टक्कर बंदच करायची. फिजिक्समधला इग्नोअर कोलिजन त्यासाठीच आहे. मी दुसऱ्या उपायाच्या बाजूचा आहे. शिकवण्याच्या धड्यात सील आणि शाफ्ट यांच्यातला संबंध फिजिक्सवर सोडूच नये. पंपात त्या दोघांमधली फट इतकी कमी असते की हेडसेटने टिपलेल्या हाताच्या जागेत तेवढी अचूकता नसते. कितीही चांगला कोलायडर लावला तरी सील शाफ्टच्या कडेला अडकत राहणार.

म्हणून बसवण्याचं काम टप्प्याने करा. सील शाफ्टच्या टोकापासून साधारण दहा सेंटीमीटरवर आलं की शाफ्टवर त्याची फिकट छाया दिसू द्या. इथे बसणार आहे, एवढं त्यातून कळतं. दोन-तीन सेंटीमीटरवर आलं आणि अक्षाचा कोन पंधरा-वीस अंशांच्या आत आला, की सील शाफ्टच्या रेषेत ओढलं जाऊ द्या. तिथून पुढे त्याला दोनच हालचाली शिल्लक ठेवा: शाफ्टवर पुढे-मागे सरकणं आणि शाफ्टभोवती फिरणं. बाकी चार वाटा बंद. हात थोडा वर गेला, खाली गेला, थरथरला, तरी सील रेषा सोडत नाही. शेवटी बसलं की बारीक ‘टक’ असा आवाज आणि कंट्रोलरला एक छोटा झटका. युनिटीच्या एक्सआर इंटरॅक्शन टूलकिटमध्ये (वस्तू हाताळण्यासाठीच्या तयार साधनांचा संच) तयार सॉकेट इंटरॅक्टर आहे. पण तो भाग सोडल्यावर थेट जागेवर नेऊन ठेवतो, मधलं सरकवणं त्यात नाही. नट, बोल्टसाठी तो वापरा. सीलसाठी सरकवण्याचा टप्पा स्वतः लिहा, कारण तुम्हाला तीच हालचाल शिकवायची आहे.

सीलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट धड्यात आणता येईल. फिरणाऱ्या भागाचं तोंड बहुतेक वेळा कार्बनचं असतं आणि स्थिर भागाचं सिरॅमिकचं. दोन्ही तोंडं आरशासारखी घासलेली असतात. त्यावर तेलकट बोट लागलं किंवा ओरखडा आला की पंप गळायला लागतो. खऱ्या टेबलावर मुलगा कुठे हात लावतो हे आपल्याला दर वेळी दिसत नाही. हेडसेटमध्ये ते नोंदवता येतं. त्या दोन तोंडांना वेगळा, पातळ ट्रिगर कोलायडर (अडवत नाही, फक्त स्पर्श नोंदवतो) द्या. बोट तिथे लागलं की ठसा उमटू द्या, आणि पंप जोडून सुरू केल्यावर नेमक्या त्याच ठिकाणाहून पाणी गळताना दाखवा. हेडसेट घेतल्याचा खरा फायदा मला अशा जागी दिसतो.

आता इम्पेलर सोडताना हलतो, त्याबद्दल. बोटं उघडताना हात हलतोच, बटण सोडतानाही हलतो. संशोधक डग बोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 च्या सुमारास याला हायझेनबर्ग परिणाम म्हटलं होतं: निवड पक्की करण्याची क्रियाच निवड बिघडवते. उपाय साधा आहे. हाताची गेल्या काही क्षणांची जागा लक्षात ठेवा, आणि सोडल्याची सूचना आली की वस्तू त्या क्षणाच्या जागी न ठेवता साधारण दहावा हिस्सा सेकंद आधीच्या जागी ठेवा. त्याबरोबर ग्रॅब इंटरॅक्टेबलमधला (टूलकिटमधला, वस्तू उचलण्याजोगी करणारा घटक) थ्रो ऑन डिटॅच हा पर्याय बंद करा. तो चेंडू फेकायच्या खेळासाठी आहे. वर्कशॉपमध्ये इम्पेलर कोणी फेकत नाही. आणि मूव्हमेंट टाइप व्हेलॉसिटी ट्रॅकिंगवर असेल, म्हणजे भाग फिजिक्समार्फत हातामागे जात असेल, तर फिजिक्सचा फिक्स्ड टाइमस्टेप, म्हणजे त्याच्या दोन हिशोबांमधला वेळ, बघा. युनिटीत तो मुळात 0.02 सेकंद, म्हणजे सेकंदाला 50 वेळा असतो. तुमचा पडदा 72 वेळा रंगतो. हे दोन आकडे जुळत नाहीत म्हणून हातातला भाग बारीक थरथरतो. टाइमस्टेप 0.0139 करा.

हात की कंट्रोलर, यावर माझं मत स्पष्ट आहे: पंपासाठी कंट्रोलर. मोकळे हात बघायला सुंदर वाटतात आणि पहिल्या दिवशी मुलांना काही समजावून सांगावं लागत नाही. पण हेडसेटचे कॅमेरे हात बाहेरून बघतात. एक हात दुसऱ्यामागे गेला, बोटं स्वतःच्याच तळव्याआड गेली, मान वर करून मुलगा दुसरीकडे बघू लागला, की अंदाज सुरू होतो. पंपाच्या कामात डाव्या हाताने केसिंग, म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच, धरायचं आणि उजव्याने त्याच्या अगदी जवळ पाना फिरवायचा. म्हणजे दोन्ही हात कायम एकमेकांना झाकणार. शिवाय पाना धरल्यावर हातात काहीतरी असतं, ते कंट्रोलरने निदान काही अंशी मिळतं. चिमूट करून हवेत फिरवलेला पाना मुलांच्या हातात बसत नाही.

नजरेने निवडून चिमटीने पक्कं करण्याची जी पद्धत ॲपलने 2024 मध्ये व्हिजन प्रोमध्ये आणली, ती यादीतून एखादा भाग निवडायला फार चांगली आहे. जोडकामाला ती उपयोगाची नाही. जोडताना नजर वस्तूवर नसते, जागेवर असते. मुलगा सील हातात धरून शाफ्टकडे बघत असतो.

मोकळे हात दुसऱ्या एका धड्यात जरूर वापरा: सुट्या भागांची ओळख. टेबलावर भाग मांडलेले, मुलगा एक उचलतो, फिरवून बघतो, ठेवतो. तिथे अचूकता लागत नाही आणि कंट्रोलर शिकवायचा वेळ वाचतो.

या क्षेत्राला सुरुवात होऊन बराच काळ झाला. आयव्हन सदरलँड यांनी 1968 मध्ये डोक्यावरचा पडदा दाखवला तेव्हा हवेत तारेचा घन दिसायचा. डोकं हलवलं की तो वेगळ्या बाजूने दिसायचा, त्यासाठी छताला टांगलेला लोखंडी दांडा डोक्याची दिशा मोजायचा. दिसण्याचा प्रश्न तेव्हापासून सुटत आला आहे. हाताला न लागण्याचा प्रश्न तसाच आहे. तुमचे विद्यार्थी सांगतात की हात केसिंगमधून आरपार जातो. हात खरोखर आरपार जातोच, त्याला अडवणारं काही नाही. पण दाखवायचा हात पृष्ठभागावर थांबवता येतो. खरा हात आत गेला तरी चित्रातला हात बाहेरच टेकलेला ठेवा. माणूस डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवतो, थोड्या वेळाने तो आपला खरा हातही तिथेच थांबवायला लागतो. टेकल्याचा हलका आवाज द्या. लोखंडाचा लोखंडाला लागतो तसा, कुठलाही तयार ‘बीप’ नको. आवाज तुमच्याच वर्कशॉपमध्ये मोबाईलवर रेकॉर्ड करा.

वजनाबद्दल मात्र सावध राहा. पाच एचपीचा मोनोब्लॉक एकट्याने उचलायची वस्तू नाही, आणि तुमच्या धड्यात मुलगा तो एका हाताने उचलून दाखवतो. ही चुकीची सवय आहे. मी ती पहिल्या दिवसापासून बंद ठेवली असती. मोटरला दोन्ही हातांनी धरल्याशिवाय हलू देऊ नका, आणि दोन्ही हातांनी धरली तरी हाताच्या वेगाच्या अर्ध्याने, जडपणे हलू द्या. हाताच्या आणि वस्तूच्या वेगातल्या फरकामुळे वजनाचा भास होतो. त्यापुढे चेनब्लॉक द्या, त्याशिवाय मोटर टेबलावरून खाली उतरणार नाही अशी रचना करा. नट किती घट्ट आवळायचा हे हेडसेटमध्ये शिकवायच्या फंदात पडू नका. कंट्रोलर थरथरवून मनगटाला ती जाणीव मिळत नाही. ते टेबलावर, खऱ्या पान्याने, तुमच्या नजरेखाली.

वीज बंद करण्याची पायरी तुम्ही धड्याच्या सुरुवातीला फळ्यावर लिहून दाखवली आहे. ती हातात द्या. आपल्याकडे शेतीची वीज रात्री कधी येते, कधी जाते, आणि कित्येक शेतकऱ्यांच्या स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला असतो. लाइट आली की पंप आपोआप सुरू होतो. पंप उघडून बसलेल्या माणसाच्या हाताशी शाफ्ट फिरायला लागला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. धड्यात मुलाने मेन स्विच पाडला नाही तरी त्याला नट खोलू द्या. अडवू नका. केसिंग सुटल्यावर थोड्या वेळाने लाइट येऊ द्या आणि शाफ्ट फिरू द्या. कुणाला इजा न होता ही चूक करता येईल अशी दुसरी जागा नाही. पुढच्या वेळी मुलगा आधी स्टार्टरच्या पेटीकडे वळतो.

डोकं जड होण्याची कारणं बहुतेक तुमच्या मांडणीत आहेत. पहिलं म्हणजे अंतर. या हेडसेटमध्ये डोळ्याच्या भिंगाला फोकस साधारण दीड-दोन मीटरवर करावा लागतो, वस्तू कितीही जवळ दिसली तरी. बुबुळं मात्र जवळच्या वस्तूकडे आत वळतात. वळणं एका अंतराचं आणि फोकस दुसऱ्या अंतराचा, हा ताण फार वेळ सहन होत नाही. तुमची सूचनापाटी चेहऱ्यासमोर हातभर अंतरापेक्षाही जवळ आहे आणि डोकं वळवलं की तीही सोबत वळते. तिला टेबलाच्या पलीकडे भिंतीवर लावा, दीड-दोन मीटरवर. ती तिथेच राहू द्या. काम करायचे भाग कोपर थोडा वाकलेला राहील एवढ्या अंतरावर, छातीच्या खाली ठेवा. खांद्याच्या उंचीवर हात धरून काम केलं तर दोन-चार मिनिटांत खांदे भरून येतात आणि मग हात थरथरून सगळी अचूकता जाते.

दुसरं, चित्रांचा वेग. पंपाचं मॉडेल कंपनीच्या कॅड फाइलवरून (कारखान्याच्या संगणकीय आराखड्यावरून) घेतलंय असं तुम्ही लिहिलंय. त्यात प्रत्येक बोल्टचे आटेही खरोखर कोरलेले असतात. 72 हर्ट्झला एक चित्र रंगवायला 13.9 मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात ते बसत नाही. आटे काढून टाका, त्यांचं चित्र टेक्श्चरमध्ये, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवायच्या चित्रात, घ्या. डोकं वळवल्यावर चित्र मागे राहिलं की मळमळ होतेच, त्यात मुलांचा दोष नाही. तिसरं, दोन डोळ्यांमधलं अंतर. क्वेस्ट 2 मध्ये भिंगांच्या 58, 63 आणि 68 मिलिमीटर अशा तीन जागा आहेत. प्रत्येक मुलाला हेडसेट देताना ती जागा बदलायची, हा नियमच करा. चष्म्याच्या मुलांसाठी सोबत येणारा स्पेसर बसवा, नाहीतर भिंगांवर ओरखडे पडतील. एका वेळी दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त नको. बाकीची मुलं तोवर टीव्हीवर त्याच मुलाला दिसतंय ते बघत राहतील. एकाने चूक केली की बाकीच्यांनी ओरडून सांगायचं, हे फार चांगलं चालतं. अहिराणीत सूचना दिल्या गेल्या की आणखी चांगलं.

मराठी पाट्यांबद्दल एक इशारा. युनिटीत अक्षरं दाखवणारं टेक्स्टमेशप्रो देवनागरी नीट जुळवत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं सुटी पडतात. इंग्रजी पाट्यांवर समाधान मानू नका. पाट्या बाहेर टाइप करून चित्र म्हणून आत घ्या. शब्द मोजकेच आहेत, एका दुपारचं काम आहे.

केळीच्या ठिबकसाठी हा प्रोग्राम वाढवू नका. तो वेगळाच प्रश्न आहे. पंप हाताएवढा आहे, बाग शंभर मीटर लांब. लांबच्या वस्तूपर्यंत पोचायला 1996 मध्ये इव्हान पूपिरेव आणि सहकाऱ्यांनी गो-गो ही पद्धत मांडली. हात जवळ असताना खऱ्यासारखा वागतो, आणि पुढे ताणला की चित्रातला हात त्याहून कितीतरी लांब जातो. खोलीभर पसरलेल्या वस्तूंना ती ठीक आहे. शेतात मात्र दूर गेलेल्या हाताचा नेम लागत नाही, थोडं मनगट हललं की दोन ओळी ओलांडून जातो. तुम्हाला हवी आहे ती त्याच्या आदल्या वर्षी रिचर्ड स्टोकली, मॅथ्यू कॉनवे आणि रँडी पॉश यांनी मांडलेली पद्धत: सगळ्या जागेची छोटी प्रतिकृती समोर ठेवायची, तिच्यात बदल केला की मोठ्या जागेत तो होतो. एका हेक्टरचा चौरस 1:100 प्रमाणात एक मीटरच्या टेबलावर बसतो. दीड बाय दीड मीटरवर लागवड असेल तर दोन झाडांत दीड सेंटीमीटर अंतर राहील. एवढ्याशा झाडाला बोटाने धरता येत नाही, आणि धरायची गरजही नाही, कारण हेक्टरला 4,444 झाडं कोणी एकेक करून लावणार नाही. म्हणून धरायची वस्तू लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणारी ठिबकची नळी ठेवा, ओळच्या ओळ. लॅटरलपर्यंत पाणी आणणाऱ्या मेन आणि सबमेन लाइन वेगळ्या रंगाने, आणि त्यांच्या टोकांना बोटाच्या पेराएवढे मोठे गोळे. टेबलावर सबमेन सरकवली की मुलगा स्वतः बागेत उभा राहून ती कुठून जाते ते बघू शकेल. शेतातल्या उताराचा दाबावर होणारा परिणाम रंगाने दाखवा. टेबलावर उंचवटे खरे असतात त्याहून चार-पाच पट वाढवून काढा, नाहीतर एवढ्या लहान प्रमाणात तापीकाठची सपाट जमीन अगदीच सपाट दिसेल.

आपल्या हवेबद्दल थोडं, कारण कंपनीच्या पुस्तिकेत हे सगळं असलं तरी इथे ते जास्त लागू पडतं. हेडसेट उन्हात, खिडकीच्या कडेला किंवा गाडीच्या सीटवर ठेवू नका. भिंगं उन्हाची तिरीप आत पडद्यावर एकवटतात आणि पडदा कायमचा जळतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग घ्यायचा असेल तर सकाळी सातला घ्या. दुपारी हेडसेट गरम होऊन स्वतःच वेग कमी करतो आणि मग वर सांगितलेली मळमळ सुरू होते. कपाळाच्या घामासाठी पुसता येणारं सिलिकॉनचं आवरण लावा. शेडमध्ये जुन्या ट्यूबलाइट असतील तर सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झवर आहे ना ते तपासा. आपली वीज 50 ची आहे. 60 वर राहिलं तर दिव्याच्या लुकलुकीमुळे कॅमेऱ्यांना हाताची जागा नीट सापडत नाही.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी सीलचा कोलायडर, मग सरकवण्याचा टप्पा, मग सोडण्याच्या क्षणाची दुरुस्ती. आवाज, रंग, पाट्या त्यानंतर. प्रत्येक बदलानंतर ज्याने हेडसेट कधी लावलेला नाही अशा मुलाला बसवा आणि त्याला काहीही सांगू नका. तो हात कुठे नेतो ते बघा. सील बसवताना अडखळत असेल तर त्याचे खरे हात आणि टीव्हीवरचं चित्र एकाच व्हिडिओत येईल असं उभं राहून शूटिंग करा आणि मला पाठवा. पकडण्याच्या त्रिज्या किती वाढवायच्या ते त्यावरून सांगता येईल.